उलटी टोपली

माझे वडील लासलगावला कांद्याचे आडते होते. शाळा सुटली की मी त्यांच्या गाळ्यावर जाऊन बसायचे. तेव्हा अजून रुमालाखाली सौदे व्हायचे. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा, खाली बोटं दाबायची, आणि भाव ठरायचा. रुमालाखालचं मला दिसायचं नाही, म्हणून मी त्यांची तोंडं बघत बसायचे. ती सवय लागली ती लागलीच. माणूस काय बोलतोय ते नंतर, आधी त्याचं तोंड काय करतंय ते बघायचं.

आमचे हे याला संशयी स्वभाव म्हणतात. इथलं सगळं मराठी मंडळ ह्यांना राजाभाऊ म्हणतं. गॅस कंपनीत इंजिनिअर आहेत, आणि कुणी काहीही सांगितलं तरी "असेल बुवा" म्हणून मोकळे होतात. घरात असा एक माणूस असला की दुसऱ्याला संशयी व्हावंच लागतं. नाहीतर घर चालणार कसं?

दोह्याला थुमामा भागात आमचं किचन आहे. किचन म्हणजे घरचं नव्हे, कामगारांच्या कॅम्पांना जेवण पुरवणारं. फुटबॉलचा वर्ल्डकप भरवायला मिळाल्यापासून हा देश सगळीकडून खणून ठेवलेला होता. स्टेडियम, मेट्रो, रस्ते, सगळं एकदम. खणणाऱ्यांना भूक लागते, आणि त्यात आपल्याकडचे सुतार, वेल्डर, ड्रायव्हर पुष्कळ. त्यांना बिर्याणीचा कंटाळा येतो. त्यांना कालवण हवं, ठेचा हवा, आणि ताटाच्या कडेला फोडलेला कांदा हवा. कांदा नसला तर आमचा माणूस ताट पुढे सरकवतो आणि विचारतो, "आज काय उपास आहे का?"

तर दोन हजार सतराच्या जूनमध्ये, ऐन रमजानात, चार देशांनी कतारची वाट अडवली. सौदीकडून ट्रकने येणारा माल बंद झाला. हमद पोर्टावर मोठी जहाजं यायला लागली, पण त्यांचा माल मोठ्या लोकांसाठी. आमच्यासारख्यांच्या वाट्याला येईपर्यंत कांदा सोन्याच्या भावाचा व्हायचा. तेव्हा मच्छिंद्र मला म्हणाला, "ताई, वर रुवैसला जाऊन बघू का? तिथं लाकडी लाँची येत्यात म्हणे इराणातनं. कांदा असतोय त्याच्यात."

मच्छिंद्र आमचा ड्रायव्हर. येवल्याजवळच्या खेड्यातला, किचनच्याच व्हिसावर आलेला. बायको बबीता आणि आई गावाकडे. त्याचं सगळं ठरलेलं होतं. वर्ल्डकप होईस्तोवर इथं राहायचं, मग परत जाऊन स्वतःची पिकअप घ्यायची आणि नाशिकच्या बाजारात भाजी टाकायची. पिकअपचा रंगसुद्धा ठरला होता, पांढरा. रंग बबीताने निवडला होता. वर्ल्डकपला अजून पाच वर्षं होती, आणि तोवर त्याचं सगळं माझ्या एका सहीवर चाललेलं होतं. हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

रुवैस म्हणजे देशाचं उत्तरेकडचं टोक. तिथं एक लहानसं बंदर. पूर्वी मासे उतरायचे, आता वाट अडल्यावर एकदम भाव आला होता त्याला. आठवड्यातून दोनदा मच्छिंद्र सकाळी किचनच्या दारात उभा राहायचा, "येतो ताई" म्हणायचा आणि निघायचा. दुपारी कांदा घेऊन हजर.

आणि माझं डोकं चालू व्हायचं.

एक तर भाव. दर खेपेला वेगळा. शनिवारी एक, बुधवारी दुसरा. मी विचारलं तर म्हणे, "ताई, तिथं भाव वाऱ्यावर असतोय. वारा सुटला का लाँची येत न्हाईत, मंग भाव चढतो. दोन लाँची बरोबर लागल्या का उतरतो." मी म्हटलं, वा! भाव वाऱ्यावर असतो. आणि बिल? बिल न्हाई ताई, तिथं कुणीच देत न्हाई. मग हिशेब कसा? बशीर तोंडानं सांगतो. बशीर कोण? तिथला दलाल, लाँचवाल्यांचा माल तोच विकतो. कागद काय तो? कागद न्हाई. बशीर बोलला का झालं.

आता तुम्हीच सांगा. भाव वाऱ्यावर, बिल नाही, आणि दलाल बोलला की झालं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ते याहून वेगळं काय असतं?

त्यात एकदा तो खजुराचा डबा घेऊन आला. "बशीरनं दिला. रमजानचा आहे, तुमच्या ताईला द्या म्हणाला." मी डबा घेतला, पण खजूर घशाखाली उतरेना. दलाल फुकट काही देत नाही. माझे वडील दिवाळीला ट्रकवाल्यांना मिठाई वाटायचे ती काय प्रेमापोटी? ज्याच्याकडून काही काढायचं असतं त्याला आधी गोड द्यायचं असतं. मी मच्छिंद्रच्या तोंडाकडे नीट बघितलं. त्याचं तोंड नेहमीसारखंच होतं. तेच मला जास्त खटकलं.

शेजारी नसरुद्दीनचं किराणा दुकान आहे. हैदराबादचा माणूस, सगळ्या दोह्याचे भाव त्याच्या जिभेवर. त्याने सहज म्हटलं, "रुवैस में तो प्याज सस्ता है बोलते भाभी. आपको कितने में पडता?" मी आकडा सांगितला. तो नुसतं "अच्छा" म्हणाला. त्या अच्छाने माझी झोप उडवली.

"अहो, शुक्रवारी रुवैसला जायचंय," मी ह्यांना सांगितलं.

"मच्छिंद्र जातो ना?"

"म्हणूनच जायचंय. इथं बसून उंटावरून शेळ्या किती दिवस हाकायच्या?"

"बिचारा प्रामाणिक वाटतो गं."

"सगळे वाटतातच," मी म्हटलं.

ईद होऊन गेली होती. शुक्रवारी मच्छिंद्रची सुट्टी असते. दुपारची नमाज आटोपल्यावर आम्ही निघालो. तासाभराचा रस्ता, दोन्ही बाजूंना वाळू आणि विजेचे खांब. पण बंदरावर पोचलो आणि मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. खरं सांगते. तीच आरडाओरड. लाकडी लाँची एकमेकींना खेटून उभ्या, त्यांच्यावरून कलिंगडं एका हातातून दुसऱ्या हातात उडत येत होती. मेंढ्या ओरडत होत्या. धक्क्यावर पत्र्याच्या शेडखाली मालाचे ढीग, आणि प्रत्येक ढिगापाशी दोन-चार माणसं भांडत होती. कुठं पाटी नाही, भावफलक नाही, काउंटर नाही. आपण ज्याला नाखवा म्हणतो त्याला हे नोखदा म्हणतात. तो लाँचीवर चहा पीत बसायचा आणि त्याच्या मालाची काळजी खाली दलाल करायचा. त्या दिवशी दोन लाँची एकदम लागल्या होत्या.

बशीर कोणता ते विचारावं लागलं नाही. ज्याच्याभोवती सगळ्यात जास्त भांडणं, तो दलाल मोठा. करडी दाढी, चौकड्याची लुंगी, खोक्यावर बसलेला. तिकडचा, इराणच्या किनाऱ्यावरचा, पण हिंदी चांगली बोलायचा. मी मच्छिंद्रची मालकीण आहे हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर खरा भाव कळला असता का? "हमको हॉटेल के लिए चाहिए," म्हटलं.

त्याच्याजवळ एक ढीग होता, वीसेक जाळीच्या गोण्यांचा. मी कांदा हातात घेतला, मान दाबून बघितली. कोरडी, घट्ट. सालीचा रंग एकसारखा. थुमामात आमच्याकडे येत होता तो माल याच्यापुढे कचरा. माझं डोकं तापलं, पण मी तोंड थंड ठेवलं. ते मला येतं.

"पूरा ढेर का क्या लगाओगे?"

तो बघतच राहिला. सुट्या गोणीचा भाव सगळे विचारतात, पूर्ण ढीग मागणारी बाई त्याने पाहिली नसावी. मग आमची जुंपली. त्याने सांगितला त्याच्या निम्म्याला मी मागितला. त्याने हात कपाळाला लावला. मी निघून गेल्यासारखं केलं. त्याने हाक मारली. मी गोणीतला एक कांदा बाजूला काढून त्याचा डाग दाखवला. त्याने डाग बोटाने पुसून दाखवला, मातीच होती ती. ह्यांनी तेवढ्यात दोन वेळा इथला दाट करक चहा घेतला आणि गाडीत जाऊन बसले. इतकी मजा मला कतारमध्ये आल्यापासून कधी आली नव्हती. शेवटी भाव जुळत आला. मच्छिंद्र सांगायचा त्याच्यापेक्षा किलोमागे चांगला रियालभर कमी.

मला हवं होतं ते कळलं होतं. माल घ्यायचा नव्हताच, आमच्या कारमध्ये मावला तरी असता का? मी पदर सावरला आणि म्हटलं, "अच्छा भाई, आती हूँ."

"इन्शाल्ला," तो म्हणाला.

गाडीपाशी जाऊन मी सवयीने मागे वळून बघितलं. बशीर उठला होता. त्याने एक रिकामी टोपली उचलली आणि त्या ढिगावर उलटी ठेवली. बाकी कुठल्या ढिगावर टोपली नव्हती. मी मनात म्हटलं, कुणाला तरी खूण करतोय लबाड.

"चोर आहेत दोघे," गाडीत बसल्यावर मी म्हणाले.

"असेल बुवा," ह्यांनी गाडी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी मी मच्छिंद्रला काही बोलले नाही. चोराला आधी पुरता अडकू द्यावा. नुसतं म्हटलं, "या वेळी माल चांगला आण. एखादा ढीगच्या ढीग मिळाला तर बघ, एकदमच घेऊ."

"बरं, येतो ताई," म्हणून तो गेला. दुपारी आला तो बारका, मऊ पडलेला, काही ठिकाणी कोंब आलेला कांदा घेऊन. आणि भाव वर.

"हे काय आणलंस?"

"चांगला होता ताई. एक नंबर ढीग आहे त्याच्याकडं. पण बशीर देत न्हाई. एका पार्टीसाठी राखून ठेवलाय म्हणे. पार्टी बोलून गेली आहे."

"कोणती पार्टी?"

"ते न्हाई माहीत. नाव सांगत न्हाई. म्हणे बोलून गेलीय का येतो, आता दुसऱ्याला कसा देऊ."

मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. आदल्या दिवशी माझ्या डोळ्यांदेखत तो ढीग कुणीही यावं आणि घ्यावं असा उभा होता. आणि आज एका रात्रीत पार्टी उगवली! मला सगळं लख्ख दिसायला लागलं. पार्टी म्हणजे मच्छिंद्रचंच कुणीतरी. चांगला माल तिकडे वळवायचा, पैसे दोघांनी वाटून घ्यायचे, आणि ताईला कोंबाळलेला कांदा द्यायचा. कुंपणच शेत खात होतं.

पुढच्या खेपेला तेच. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. "पार्टी अजून आली न्हाई ताई, पण बशीर हलत न्हाई. मी म्हणलं, बाबा, न्हाई येत ती पार्टी, दे मला. तर म्हणतो, येईल." आणि हे सगळं तो इतक्या सरळ तोंडाने सांगायचा की माझ्या अंगाची लाही व्हायची. जुलै संपला, ऑगस्ट आला. वारा सुटलेलाच होता, लाँची कमी झाल्या होत्या, दुसरा चांगला माल मिळत नव्हता. कॅम्पात लोक ताटातला कांदा बाजूला सारायला लागले. कॉन्ट्रॅक्टवाल्याने मला फोन करून दोन शब्द सुनावले. मी त्या पार्टीचा शोध लावायचा म्हणून नसरुद्दीनला आडून आडून विचारलं. तो मी नव्हेच म्हणाला. कोण असेल ही पार्टी? जो कुणी असेल त्याचं तळपट होवो, असं मी देवासमोर उभं राहून म्हटलं होतं. अगदी दिवा लावताना.

मग एका सकाळी मी मच्छिंद्रला ऑफिसात बोलावलं.

"त्या पार्टीचं नाव सांग."

"मला खरंच माहीत न्हाई ताई."

"मी रुवैसला गेले होते मच्छिंद्र. मी स्वतः बघितलाय तो ढीग. भावही काढलाय. तू सांगतोस त्याच्यापेक्षा रियालभर कमी."

तो गोंधळला. "कधी?"

"कधी ते महत्त्वाचं नाही. कोणाला विकतोस तेवढं सांग. खरं बोललास तर ठेवते."

त्याने माझ्याकडे बघितलं. त्याचं तोंड तेव्हा कसं झालं होतं ते मला अजून दिसतं, पण त्या दिवशी मी ते चुकीचं वाचलं. मला वाटलं, पकडला गेला. तो एवढंच म्हणाला, "ताई, ज्या दिवशी दोन लाँची लागतात त्या दिवशी रियालभर कमीच असतो. मी त्या त्या दिवशी सांगितलाय तुम्हाला. आणि नसलेल्या पार्टीचं नाव मी कुठनं आणू?"

"मग खलास," मी म्हटलं.

कागदपत्रं बघणाऱ्या माणसाला मी त्याच दिवशी फोन केला. व्हिसा रद्द, तिकीट काढलं. राहिलेला पगार चोख दिला, एक रियाल कमी केला नाही. माझं मन स्वच्छ होतं. आमचे हे म्हणाले, "सुचित्रा, एकदा त्या बशीरला तरी विचार." मी म्हटलं, चोराला साक्षीदार दुसरा चोर. ह्यांनीही मग "असेल बुवा" म्हटलं, पण पेपर वर करून म्हटलं.

जायच्या दिवशी मच्छिंद्र किचनच्या दारात आला. किचनच्या पिकअपची किल्ली त्याने खिळ्याला अडकवली. नेहमी तिथंच अडकवायचा. मग म्हणाला, "जातो, ताई."

मी दचकले. आपल्याकडे कुणी जातो म्हणत नाही. शेजारणीकडून वाटीभर साखर घेऊन निघालं तरी येते म्हणायचं. माझ्या सासूबाईंसमोर कुणी जातो म्हटलं असतं तर त्यांनी त्याला परत आत बोलावून, पाणी देऊन, येतो म्हणायला लावलं असतं. मला उलट रागच आला. म्हटलं, चोरी ती चोरी आणि वर अपशकुन.

दुसरा ड्रायव्हर लगेच मिळाला नाही. दोन खेपा बाहेरून गाडी लावून करवल्या. मग मीच म्हटलं, आता मध्ये चोर नाही, आपण जाऊन सरळ सौदा करू. शुक्रवारी ह्यांना घेऊन परत रुवैसला गेले.

धक्का तसा ओस होता. एकच लाँच लागली होती, तिच्यातून नुसत्या मेंढ्या उतरत होत्या. शेडमध्ये शिरायच्या आधीच वास आला. सडलेल्या कांद्याचा वास मला कुणी सांगायला नको. माझं बालपण त्यात गेलंय.

तोच ढीग होता. वीसेक गोण्या. खालच्या गोण्यांमधून काळं पाणी सुटून जमिनीवर वाळलं होतं, वरच्या जाळ्यांमधून हिरवे कोंब बाहेर आले होते. आणि ढिगाच्या वर ती टोपली, उलटी.

बशीरने मला बघितलं आणि तो खोक्यावरून उठला. मला वाटलं होतं तो ओळखणार नाही. त्याच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की मी जागच्या जागी थांबले.

"आ गईं! मैंने बोला था सबको, आएगी. बोल के गई है."

"क्या बोल के गई?"

"आपने बोला था ना मॅडम, आती हूँ." त्याने टोपली उचलली आणि बाजूला ठेवली. "ये आपका ढेर है. थोडा खराब हो गया. पर किसी को हाथ नहीं लगाने दिया."

माझ्या कानशिलात कुणीतरी लगावल्यासारखं झालं. पाठीमागे हे उभे होते. त्यांनी असेल बुवासुद्धा म्हटलं नाही.

मी त्या रिकाम्या खोक्यावर बसले. बशीरने पाणी दिलं. इथं उलटी टोपली म्हणजे माल बोललेला आहे, त्याने सांगितलं. एकाने येतो म्हटलं की दुसरा हात लावत नाही. कागद लिहीत बसलो तर लाँच निघून जाईल, म्हणून टोपली. दोन-चार दिवस ठेवतात, मग काढतात. पण माझी त्याने काढली नव्हती.

"क्यों नहीं निकाली?"

"आपने एक घंटा झगडा किया," तो म्हणाला. "जिसको लेना नहीं होता वो इतना नहीं झगडता, मॅडम. मैं समझ गया, ये पक्की पार्टी है."

पक्की पार्टी. ज्या पार्टीचं तळपट होवो म्हणून मी देवासमोर उभी राहिले होते, ती मी.

मग तो आपणहून म्हणाला, "एक आपका हिंदुस्तानी आता था. मच्छिंद्र. बहुत बोला, ये ढेर मुझे दे दो, मेरी ताई को खराब माल नहीं चलता. हर बार मुझसे लडता था. मैंने उसको भी नहीं दिया." त्याने इकडेतिकडे बघितलं. "आजकल दिखता नहीं. बीमार है क्या?"

मी सांगितलं. मच्छिंद्रची ताई मीच, आणि त्याला मी काढून टाकलं, ते का, तेही सांगितलं. हिंदीत ते सांगताना मला शब्द सापडत नव्हते. आमच्यात निघताना जाते म्हणत नाहीत, ते अशुभ. येते म्हणतात. म्हणजे परत येणारच असं नाही. नुसतं निघतानाचं बोलणं आहे ते.

बशीरने डोकं खाजवलं. त्याला राग आला असता तर बरं झालं असतं, पण तो खरोखर विचारात पडला होता.

"तो जिसको सच में आना है, वो क्या बोलता है?"

"वो भी यही बोलता है. आता हूँ."

"तो फिर पता कैसे चलता है?"

इतकी वर्षं मराठी बोलतेय, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

मी पूर्ण ढिगाचे पैसे काढले. तो अर्धेच घ्यायला तयार होता. तिथंही आमची घासाघीस झाली, फक्त उलट्या बाजूने, मी वाढवत होते आणि तो कमी करत होता. शेवटी ह्यांनी मध्ये पडून पैसे त्याच्या खिशात कोंबले. निघताना माझ्या तोंडात सवयीचा शब्द आला आणि मी तो गिळला. नुसते हात जोडले.

गाडीत मी रडले. आडत्याची मुलगी, तोंडं वाचणारी! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. जे तोंड नेहमीसारखं सरळ होतं ते सरळ माणसाचं आहे, एवढं मला वाचता आलं नाही.

घरी पोचल्या पोचल्या येवल्याला फोन लावला. बबीताने उचलला. माझं नाव ऐकून तिने फोन लांब धरून हाक मारली, "अवं, दोह्याच्या ताईचा फोन."

"बोला ताई," मच्छिंद्र म्हणाला. मागे कुणाचा तरी ट्रॅक्टर चालू होता.

मी घुटमळले नाही. घुटमळले असते तर बोलता आलं नसतं. "मच्छिंद्र, ती पार्टी मीच होते. मी बशीरला निघताना आती हूँ म्हटलं, त्यानं ते खरं धरलं. तू खरं बोलत होतास. मी चुकले. मला माफ कर."

ट्रॅक्टर बंद झाला.

"मंग त्या ढिगाचं काय झालं?" त्याने विचारलं.

"सडला. अर्ध्याच्या वर."

"आरारा. लई चांगला माल होता ओ ताई. मी दर खेपेला बघायचो त्याच्याकडं." मग थांबून म्हणाला, "बशीरचं नुकसान झालं."

"दिले त्याचे पैसे मी. मच्छिंद्र, मी नवा व्हिसा काढते. तिकीट पाठवते. पगार वाढवून देते. वर्ल्डकप व्हायचाय अजून. तुझी पिकअप घ्यायची आहे ना? तू परत ये."

पलीकडे बबीता काहीतरी म्हणाली, मला नीट ऐकू आलं नाही. तो तिला म्हणाला, "थांब गं." मग मला म्हणाला, "तुमची तब्येत बरी आहे ना ताई? साहेब बरे आहेत?"

"बरे आहेत. तू काय म्हणतोस?"

"काय म्हणणार." तो जरासा हसला, की श्वास सोडला, फोनवर तोंड दिसत नाही. "बरं ताई. येतो."

आणि फोन बंद झाला.

मी फोन हातात धरून बसले. हे समोरच होते.

"काय म्हणाला?"

"येतो म्हणाला."

"मग झालं की!"

तो रोज सकाळी दारात म्हणायचा तो येतो, की बशीरने ऐकला तसा येतो? परत फोन लावून विचारावं असं दहादा मनात आलं. पण विचारायचं काय? तू येतो म्हणालास ते येतो म्हणून म्हणालास का?

व्हिसाचे कागद मी दुसऱ्याच दिवशी दिले. त्याला आता बरेच दिवस झाले. गावाकडून फोन नाही, आणि मीही केलेला नाही. काल नसरुद्दीन एका केरळच्या पोराला घेऊन आला होता. लायसन्स आहे, रुवैसचा रस्ता माहीत आहे, पगारही कमीच मागतो. भाभी, किती दिवस बाहेरची गाडी लावणार, म्हणाला. खिळ्याला किल्ली तशीच होती. पोराने तिच्याकडे बघितलं.

"नको," मी म्हटलं. "जागा बोललेली आहे."

"किसके लिए?" नसरुद्दीनने विचारलं.

"आहे एक," मी म्हटलं. "येतो म्हणून सांगितलंय त्यानं."